झाडांची रंगपेटी : लाकडी जडावकामाचा इतिहास

पनवेल म्हटले की आज डोळ्यांसमोर येतात ते महामार्ग, रेल्वेचे जंक्शन आणि चहूकडे उभ्या राहिलेल्या वसाहती. विसाव्या शतकाच्या आरंभीचे गॅझेटिअर उघडले तर मात्र वेगळेच पनवेल भेटते. गाड्यांची चाके तयार करणे हा त्या वेळी गावाचा मुख्य धंदा होता. देशावरून उतरलेली बैलगाडी पनवेलहून परत जाताना चाकांची एक जोडी बरोबर घेऊन जाई, अशा अर्थाची नोंद तिथे सापडते. मुंबईचा माल आणि माणसे होड्यांतून पनवेलच्या बंदरात उतरत आणि १८३० साली गाड्यांसाठी खुल्या झालेल्या बोरघाटातून पुण्याकडे चढत. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली, ती पनवेलला बगल देऊन. तरीही चाकांचा धंदा पुढे कित्येक वर्षे टिकला.

बैलगाडीचे चाक नीट पाहिले तर ते एका तुकड्याचे नसते हे लक्षात येते. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरचे वाकदार पुठ्ठे आणि त्यांवर लोखंडी धाव. तुंब्याला न फाटणारे लाकूड हवे, म्हणून बाभूळ. आसाला आणि दांडीला चिवट लाकूड हवे, म्हणून धावडा किंवा तिवस. ज्या सुताराला झाडे कळत नाहीत, त्याचे चाक घाटात टिकणार नाही. म्हणजे पनवेलचा चाके करणारा सुतार हा एका अर्थाने वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता. त्याची परीक्षा कागदावर होत नसे, रस्त्यावर होत असे.

वेगवेगळी लाकडे एकत्र जोडण्याची आणखी एक कला आहे. तिच्यात ताकदीइतकेच महत्त्व रंगाला असते. निरनिराळ्या झाडांच्या लाकडाचे तुकडे कापून, एकमेकांना चपखल भिडवून चित्र तयार करायचे. त्यात रंगाचा हात कुठेही फिरवायचा नाही. काळे हवे तर काळे लाकूड शोधायचे, पिवळे हवे तर पिवळे. युरोपात या कामाला ‘इन्टार्सिया’ म्हणतात. आपण त्याला लाकडी जडावकाम म्हणू. आज जगभर हजारो लोक ते छंद म्हणून करतात. या कलेचा इतिहास इटलीत सर्वांत तपशिलाने नोंदला गेला आहे, म्हणून सुरुवात तिथून करू आणि गोवा व मुंबईमार्गे पुन्हा पनवेलला येऊ. परंतु त्याआधी एका साध्या प्रश्नाचे उत्तर शोधायला हवे.

लाकडाला रंग कुठून येतो?

झाडाचा आडवा कापलेला बुंधा पाहिला तर बाहेरचा फिकट आणि आतला गडद असे दोन भाग बहुधा वेगळे दिसतात. बाहेरच्या भागाला रसकाष्ठ म्हणतात. मुळांनी शोषलेले पाणी त्यातून वर जाते. आतला गाभा म्हणजे मध्यकाष्ठ. तिथल्या पेशी आता पाणी वाहत नाहीत. रसकाष्ठाचे मध्यकाष्ठ होताना झाड त्यात अनेक प्रकारची रसायने साठवते. कीड आणि बुरशी यांपासून गाभ्याचे संरक्षण हे त्यांचे एक मोठे काम. सागाला वाळवी सहसा लागत नाही, याचे एक कारण त्यातील टेक्टोक्विनोन हे रसायन. आपल्याला दिसणारा लाकडाचा रंग हाही मुख्यतः अशाच रसायनांचा असतो.

फणसाच्या पिवळ्या गाभ्यात मोरिन हे रंगद्रव्य असते. दक्षिण आणि आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे फणसाच्या लाकडाने रंगवण्याची प्रथा होती. खैराच्या तांबड्या गाभ्यातून कात निघतो. ‘पतंग’ नावाच्या झाडाच्या गाभ्यातील ब्राझिलीन हवेतील ऑक्सिजनमुळे तांबडे होते. बिबळ्याचा किंवा बिजसाराचा गाभा पिवळसर तपकिरी असतो. त्याचा तुकडा पाण्यात ठेवून ते पाणी उन्हात, काळ्या कागदासमोर धरले तर निळसर झाक दिसते. हा प्रतिदीप्तीचा, म्हणजे शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत देण्याचा प्रकार आहे. शिसवीचा गाभा जांभळट तपकिरी, हेदूचा पिवळा, शिवणीचा फिकट, तर काही टेंभुर्णींचा काळाकुट्ट. सावर आणि पांगारा पांढरट. ही सगळी झाडे कोकणातली किंवा घाटाच्या उतारावरची. म्हणजे जडावकाम करणाऱ्याला लागणारी रंगपेटी पनवेलच्या आसपासच्या डोंगरांतच उभी होती.

फ्लोरेन्सचे सुतार

पंधराव्या शतकातले फ्लोरेन्स चित्रकारांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु १४७० च्या सुमारास त्या शहरातील दुकानांची जी मोजदाद एका बखरकाराने केली, तिच्यात लाकडी जडावकाम आणि कोरीवकाम करणाऱ्यांची ८४ दुकाने नोंदलेली आहेत. चर्चमधील आसनांच्या पाठी, कपाटांची दारे, सरदारांच्या अभ्यासिका अशा अनेक ठिकाणी या सुतारांचे काम लागे.

याच काळात यथादर्शनाचे गणित तयार होत होते. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते. समांतर रेषा दूर एका बिंदूत मिळताना दिसतात. सपाट पृष्ठावर खोली कशी दाखवायची याचे नियम वास्तुकार ब्रुनेलेस्की याने प्रयोगांनी पडताळून पाहिले. कलावंतांची चरित्रे लिहिणारा व्हासारी सांगतो की ब्रुनेलेस्कीने ही विद्या जडावकाम करणाऱ्यांनाही शिकवली. ती त्यांच्या हातात चटकन बसली यात नवल नाही. सरळ रेषा, ठरलेला कोन आणि सपाट रंगाचा तुकडा हीच तर त्यांची भाषा होती. चित्रकाराला चुकलेली रेषा पुसता येते. सुताराला कापण्याआधीच सगळे मोजावे लागते.

याचा एक उत्तम नमुना आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इटलीतील गुब्बिओ येथे फेडेरिको दा मोन्तेफेल्त्रो या ड्यूकसाठी साधारण १४७८ ते १४८२ या काळात केलेली ही छोटीशी अभ्यासिका. तिच्या भिंती अक्रोड, बीच, ओक, शिसवीच्या जातीचे लाकूड आणि फळझाडांची लाकडे यांनी जडवलेल्या आहेत. अर्धवट उघडी कपाटे, त्यांतील पुस्तके, वाद्ये, खगोलशास्त्राची उपकरणे हे सारे त्यांत दिसते. प्रत्यक्षात भिंत सपाट आहे! जाळीदार दारांच्या सावल्यादेखील लाकडाच्याच गडद तुकड्यांच्या आहेत.

या भिंतींत एक शास्त्रीय गंमत दडलेली आहे. काही तुकडे हिरवे आहेत, आणि हिरवे लाकूड तर सहसा आढळत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने याचा उलगडा केला. क्लोरोसिबोरिया नावाची बुरशी जंगलात पडलेल्या लाकडात वाढते आणि झायलिंडीन हे निळसर हिरवे रंगद्रव्य तयार करते. ते लाकूड कारागिरांनी जंगलातून वेचून आणले होते. बुरशी हा सजीव आहे, रंग तो तयार करतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणत्या झाडाच्या कुजलेल्या फांदीत हिरवा रंग सापडतो, हे मात्र ठाऊक होते.

सोळाव्या शतकाच्या आरंभी व्हेरोना येथील फ्रा जोव्हान्नी या साधूने जडावकामात बहुपृष्ठक घन दाखवले. वीस त्रिकोणी पृष्ठांचा घन आणि ७२ पृष्ठांचा गोलासारखा आकार त्यात आहेत. लुका पाचोली याच्या १५०९ मध्ये छापलेल्या गणिताच्या पुस्तकासाठी लिओनार्दो दा विंचीने असेच आकार काढले होते. याच साधूने लाकूड रंगीत पाण्यात उकळून आणि तेले मुरवून हव्या त्या छटा मिळवायला सुरुवात केली, असे व्हासारी म्हणतो. इथे कलेला एक वळण मिळाले. रंग झाडातून शोधण्याऐवजी तो लाकडात घालता येऊ लागला आणि जडावकाम चित्रकलेची नक्कल करू लागले.

व्हासारीने स्वतः या कलेविषयी कठोर मत दिले आहे. हे काम कल्पकतेपेक्षा चिकाटी अधिक असलेल्यांचे. ते लवकर काळवंडते, किडीला आणि आगीला बळी पडते आणि शेवटी चित्राचीच नक्कल असते, असा त्याचा रोख आहे. नक्कल करण्यापुरते पाहिले तर तो चुकला नाही. तेलरंगांत जे सहज जमते त्यासाठी वर्षानुवर्षे लाकूड कापण्यात अर्थ उरला नाही. मात्र जिथे लाकडाच्या स्वतःच्या रेषा, गाठी आणि छटा यांनाच काम दिले, तिथे ही कला टिकून राहिली.

गोव्याची वर्तुळे

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत युरोपीय घाटाचे, अनेक खणांचे कपाट आणि इथल्या सुताराचा हात यांतून एक नवी शैली घडली. सतराव्या शतकातील अशी गोव्याची कपाटे आज लंडन आणि लिस्बन येथील संग्रहालयांत आहेत. सांगाडा सागाचा, त्यावर काळ्या एबनीचे तुकडे आणि अधूनमधून हस्तिदंत. पुष्कळ कपाटांवर एकमेकांना छेदणाऱ्या वर्तुळांची नक्षी सर्वभर पसरलेली असते.

ही नक्षी काढायला फक्त कंपास लागतो. एक वर्तुळ काढा. त्याच त्रिज्येने परिघावरच्या बिंदूंतून आणखी वर्तुळे काढत जा. मध्यभागी सहा पाकळ्यांचे फूल तयार होते, हे प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलेले असते. गोव्याच्या सुताराला तीच पाकळी साग आणि एबनी यांत अशी कापावी लागे की दोन्हींच्या कडा फट न पडता जुळाव्यात. तिथे यथादर्शन नव्हते, खोट्या सावल्या नव्हत्या. पिवळसर तपकिरी आणि काळा या दोनच रंगांवर आणि भूमितीवर सगळी भिस्त होती. म्हणून ती कामे चित्राची नक्कल वाटत नाहीत.

शिराझ, सुरत, मुंबई

एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे बॉक्स’ नावाच्या पेट्या जगभर जात. शिवणाचे सामान, लेखनसाहित्य, दागिने ठेवण्याच्या या पेट्यांवर बारीक ठिपक्याठिपक्यांची चमकदार नक्षी असे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या होत्या. या कामाला सुरतेत ‘साडेली’ म्हणतात. ते इराणातील शिराझहून सिंधमध्ये आणि तिथून सुरत व मुंबई येथे आले, असे जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० मध्ये ‘द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया’ या पुस्तकात नोंदवले. बर्डवुड मुंबईत डॉक्टर आणि अध्यापक होते. १८६२ मध्ये त्यांनीच मुंबई इलाख्यातील उपयुक्त पदार्थांची सूची प्रसिद्ध केली होती आणि तिचा मोठा भाग वनस्पतींचा होता. झाडे आणि पेट्या या दोन्हींची नोंद एकाच माणसाने करावी, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साडेलीची रीत मोठी हुशारीची. एबनी, पतंग, चंदन, हस्तिदंत, शिंग आणि कथील यांच्या लांब, बारीक काड्या करायच्या. काही त्रिकोणी, काही चौकोनी, काही समभुज चौकोनी छेदाच्या. त्या सरसाने एकत्र चिकटवून जाड कांडी बनवायची, अशी की तिच्या टोकाकडून पाहिले तर नक्षी दिसावी. मग करवतीने त्या कांडीच्या पातळ चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकतीवर तीच नक्षी! एक कांडी नीट जमली की तिच्यातून चकत्यांमागून चकत्या निघतात. त्या पेटीवर शेजारी शेजारी चिकटवल्या की काम झाले. छपाईच्या ठशासारखीच ही कल्पना आहे. फरक इतकाच की इथे ठसाच थोडा थोडा कापून वापरला जातो.

नववी-दहावीच्या वर्गात इथे एक चांगला प्रश्न विचारता येईल. एकाच आकाराच्या नियमित बहुभुजाकृतींनी फट न ठेवता पृष्ठभाग भरायचा असेल, तर कोणत्या आकृती चालतील? उत्तर तीनच : समभुज त्रिकोण, चौरस आणि नियमित षट्कोन. कारण एका बिंदूभोवतीचे कोन मिळून ३६० अंश व्हावे लागतात. नियमित पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. ३६० ला त्याने पूर्ण भाग जात नाही. साडेलीच्या नक्षीत त्रिकोण आणि षट्कोन वारंवार का येतात, याचे कारण इथे आहे.

या कलेची दुखरी बाजूही सांगायला हवी. तिचा पांढरा रंग हत्तीच्या दातांतून येई. आफ्रिकेतील हस्तिदंताचा व्यापार मुंबईच्या बंदरातून चाले. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी आली. भारतातही १९८६ आणि १९९१ मधील कायद्यातील दुरुस्त्यांनी त्याचा व्यापार बंद केला. सुरतेतील मोजकी घराणी आज हे काम करतात, ती हाड किंवा प्लास्टिक वापरून. रक्तचंदन १९९५ पासून आणि शिसवीचा संपूर्ण वंश २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहे. सुंदर वस्तूसाठी किती झाडे आणि किती प्राणी खर्ची पडले, हा प्रश्न या इतिहासातून वगळता येणार नाही.

पावसाळ्याची परीक्षा

लाकूड कापल्यावरही स्वस्थ बसत नाही. हवेत ओल वाढली की ते फुगते, कोरड्या हवेत आकसते. आणि सर्व दिशांनी सारखे नाही. ओले सागाचे लाकूड पूर्ण वाळवले तर वाढीच्या वलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. सुतार दार करताना फळीला चौकटीच्या खाचेत सैल का ठेवतो, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

पनवेलसारख्या ठिकाणी पावसाळ्यातील आणि एप्रिल-मेमधील हवेत मोठा फरक असतो. दोन वेगळी लाकडे, दोन वेगळ्या दिशांनी, एकमेकांना घट्ट चिकटवली तर काही महिन्यांत जोड उघडतो किंवा तुकडा फाटतो. जुन्या कारागिरांनी यावर तीन उपाय काढले. लाकूड दीर्घकाळ वाळवणे, तुकडे लहान आणि पातळ ठेवणे, आणि ते स्थिर राहणाऱ्या जाड लाकडावर चिकटवणे. इटलीत ते अक्रोडावर बसवत, गोव्यात सागावर. मुंबईच्या पेट्या युरोपच्या शेकोटीने तापलेल्या खोल्यांत गेल्या, तेव्हा कोरड्या हवेत त्यांतील लाकूड आकसले आणि बऱ्याच पेट्यांवरील चकत्या सुटल्या. धातू, दात आणि लाकूड यांची चाल एकसारखी नसते, हे इथे पुरेपूर दिसून आले.

छंद आणि शाळा

हे काम धनिकांच्या दिवाणखान्यातून सामान्य घरात आले ते बारीक पात्याच्या करवतीमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पायाने चालवायच्या अशा करवती स्वस्त झाल्या. इंग्लंडमध्ये १८९५ साली ‘हॉबीज’ नावाचे साप्ताहिकच निघाले आणि त्यातून करवतकामाचे नमुने घरोघर पोचले. १९८० नंतर अमेरिकेत ज्यूडी गेल रॉबर्ट्स यांच्यासारख्या कलावंतांनी जाड तुकड्यांच्या कडा गोलाकार घासून उठावाची चित्रे लोकप्रिय केली. आज छंद म्हणून इन्टार्सिया म्हणतात ते बहुधा हेच.

आपल्याकडे सुतारकाम शाळेत आणण्याचा विचार जुना आहे. वर्धा येथे १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये कार्यानुभवाची शिफारस केली. पुष्कळ शाळांत त्याचे रूपांतर तयार साहित्य चिकटवण्याच्या तासात झाले. दुसरीकडे प्लायवूड आणि सनमायका आल्यावर सुतारालाही झाडे ओळखण्याची गरज उरली नाही. सनमायकावर छापलेली शिसवीची रेषा शिसवीसारखी दिसते. पण ती शिसवीविषयी काहीच सांगत नाही. पनवेलच्या चाकांबरोबर गेले ते केवळ चाक नव्हे. कोणते लाकूड कुठे, हे सांगणारी नजरही गेली.

ती परत मिळवण्याचा एक छोटा मार्ग म्हणजे हा छंद. त्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. वखारीतील कापाचे तुकडे, पाडलेल्या घराचा साग, पावसाळ्यात पडलेल्या फणसाची किंवा आंब्याची फांदी, सुताराच्या दुकानातील उरलेसुरले एवढ्यावर काम भागते. कर्नाळ्याचे अभयारण्य जवळ आहे, म्हणून तिथून फांदी उचलून आणायची नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. करवतकाम मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. लाकडाचा भुसा श्वासावाटे आत गेला तर त्रास होतो, म्हणून नाकाला फडके हवे.

पहिले चित्र सोपे असावे. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका घ्या. सुळक्याला शिसवीचा गडद तुकडा, डोंगराच्या उताराला साग, आकाशाला आंबा किंवा शिवण, मावळत्या सूर्याला फणस. सहा-सात तुकडे पुरेत. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलीने बाण काढून रेषांची दिशा आधी ठरवावी आणि शक्यतो सर्व तुकड्यांत ती एकच ठेवावी. मागच्या बाजूला प्रत्येक तुकड्याच्या झाडाचे नाव, तो कुठून आणला आणि कधी, हे लिहावे. नाव ठाऊक नसेल तर जुन्या सुताराला विचारावे. तो तुकडा हातात तोलेल, नखाने ओरखडेल, वास घेईल आणि मग सांगेल.

चित्र पुरे झाल्यावर त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून ते उजेडाच्या भिंतीवर टांगावे. वर्षभराने कागद काढला की दोन्ही अर्ध्यांतील रंग ताडून पाहता येतील. प्रकाशाने फणसाचा पिवळा तपकिरीकडे झुकतो. शिसवीचे काय झाले, सागाचे काय झाले, कोणता रंग गडद झाला आणि कोणता उतरला, हे विद्यार्थ्यांनीच नोंदवावे. पुढच्या वर्गाला चित्र कापायचे असेल, तेव्हा कोणते लाकूड कुठे लावायचे हे ठरवायला ती नोंद उपयोगी पडेल.